वार्धक्य आणि संप्रेरके : सव्वाशे वर्षांच्या आशेचा इतिहास

१ जून १८८९ या दिवशी पॅरिसमधील जीवशास्त्र मंडळाच्या सभेत एक वयोवृद्ध प्राध्यापक बोलावयास उभे राहिले. त्यांचे नाव चार्ल्स-एदुआर ब्राऊन-सेकार. जन्म मॉरिशस बेटावरील पोर्ट लुई येथला, वडील अमेरिकन जहाजाचे कप्तान, आई फ्रेंच वंशाची. क्लोद बर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाचे १८७८ साली निधन झाल्यावर कॉलेज द फ्रान्समधील त्यांच्या आसनावर ब्राऊन-सेकार यांचीच नेमणूक झाली होती. मज्जारज्जूच्या एका बाजूस इजा झाल्याने येणाऱ्या पक्षाघाताला आजही त्यांचे नाव दिले जाते. अशा या अधिकारी विद्वानाने वयाच्या ७२ व्या वर्षी सभेस जे सांगितले ते मात्र विलक्षण होते. कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा चुरा करून, तो पाण्यात कालवून व गाळून, त्या अर्काची इंजेक्शने त्यांनी स्वतःच्या कातडीखाली टोचून घेतली होती. पूर्वी प्रयोगशाळेत अर्धा तास उभे राहिले तरी आपल्याला बसावे लागे. आता तासन् तास उभ्याने काम करता येते, जिने जवळजवळ धावत चढता येतात, हाताची ताकद यंत्राने मोजली तरी वाढलेली दिसते, फार काय, जुना मलावरोधही गेला, असे त्यांचे निवेदन होते.

त्याच वर्षी जुलै महिन्यात ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात हे निवेदन प्रसिद्ध झाले आणि युरोप-अमेरिकेत या अर्काची लाट उसळली. ब्राऊन-सेकार यांनी स्वतः त्यावर पैसा कमावला नाही. मागेल त्या वैद्याला ते अर्क फुकट पाठवीत. इतरांनी मात्र कमावला. वर्षभराच्या आत हजारो डॉक्टर हे टोचणे करू लागले. स्वतः संशोधक १८९४ साली वारले.

त्या अर्कात होते तरी काय? आज आपल्याला ठाऊक आहे की, पुरुषत्वाचे संप्रेरक वृषणांत तयार होते, पण तेथे साठून राहत नाही. शिवाय ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. २००२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मूळ कृतीबरहुकूम तसाच अर्क तयार करून तपासला, तेव्हा शरीरावर काही परिणाम होण्याइतके संप्रेरक त्यात नाही, असेच आढळले. म्हणजे जिने धावत चढणारा तो वृद्ध आपल्या श्रद्धेच्या बळावर चढत होता. त्याला आम्ही लबाड म्हणणार नाही. तो प्रामाणिक होता, आणि म्हणूनच त्याची साक्ष इतकी धोकादायक ठरली. प्रामाणिक माणसाचा स्वतःविषयीचा अनुभव हा पुरावा नव्हे, ही गोष्ट वैद्यकाला पुढे पुन्हा पुन्हा शिकावी लागली.

या घटनेनंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८९१ साली, इंग्लंडमधील न्यूकॅसल या शहरात जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टराने दुसरा एक अर्क टोचला. हा मेंढीच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा होता. रुग्ण ४६ वर्षांची एक स्त्री होती. तिचा चेहरा सुजलेला, बोलणे जड, हालचाल मंद, कातडी कोरडी, आणि सदा थंडी वाजे. तिची स्वतःची थायरॉइड ग्रंथी निकामी झाली होती. त्या काळी या व्याधीवर इलाज नव्हता. अर्क सुरू होताच काही महिन्यांत सूज ओसरली, जीभ मोकळी झाली, ती रस्त्याने चालू लागली. पुढे हेच औषध तोंडावाटे घेत ती आणखी २८ वर्षे जगली आणि १९१९ साली ७४ व्या वर्षी वारली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरे यांनी नोंदवून ठेवला आहे. आज आपल्या कितीतरी माताभगिनी सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची जी बारीक गोळी घेतात, ती याच बाईच्या औषधाची वारसदार.

वाचकांनी हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. वरवर दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हींत प्राण्याची ग्रंथी आहे, अर्क आहे, सुई आहे. परंतु न्यूकॅसलच्या बाईच्या शरीरातून एक वस्तू नाहीशी झाली होती आणि ती तिला परत देण्यात आली. पॅरिसच्या प्राध्यापकांना मात्र व्याधी काहीच नव्हती. त्यांचे वय झाले होते. उणीव भरून काढणे ही एक गोष्ट, आणि वयालाच उणीव समजणे ही दुसरी. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत संप्रेरकांच्या क्षेत्रात जी संकटे ओढवली, त्यांतील बहुतेक या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे ओढवली, असे आमचे मत हा इतिहास वाचताना बनले आहे.

‘संप्रेरक’ हा आपला शब्द चांगला आहे. प्रेरणा देणारे ते संप्रेरक. मूळ ‘हॉर्मोन’ हा शब्द लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली आपल्या व्याख्यानांत प्रथम वापरला. त्याच्या मुळाशी ‘होर्माओ’ हे ग्रीक क्रियापद आहे : चालना देणे, वेगाने धावत सुटणे. सेमिनरीत ग्रीक गिरवलेल्यांना ते ओळखीचे वाटेल. मार्कच्या शुभवर्तमानात डुकरांचा कळप कड्यावरून सरोवरात धाव घेतो, तेथे हेच क्रियापद आले आहे. नव्या औषधामागे माणसे कशी धावतात हे पाहिले म्हणजे शब्दाची निवड अचूक होती असे म्हणावे लागते.

पहिल्या महायुद्धानंतर ही धाव सुरू झाली. व्हिएन्नाचे ऑयगेन श्टाइनाख हे खऱ्या योग्यतेचे शास्त्रज्ञ. त्यांची कल्पना अशी की, वीर्यवाहिनी बांधून टाकली की वृषणाची सारी शक्ती संप्रेरक निर्माण करण्याकडे वळेल आणि माणूस पुन्हा तरुण होईल. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९२३ साली ही शस्त्रक्रिया करून घेतली. आयरिश कवी येट्स, म्हणजे रवींद्रनाथांच्या इंग्रजी गीतांजलीला ज्यांची प्रस्तावना आहे तेच, यांनी १९३४ साली ६८ व्या वर्षी लंडनला जाऊन ती करून घेतली आणि आपली प्रतिभा पुन्हा बहरली असे त्यांनी मनापासून मानले. डब्लिनच्या वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ चेष्टा केली. आता ही शस्त्रक्रिया म्हणजे दुसरे तिसरे काही नसून नसबंदीच होती. आपल्या देशात आणीबाणीच्या काळात लाखो पुरुषांवर ती झाली. त्यांतील एकही तरुण झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

श्टाइनाख यांच्यानंतर आले सेर्ज व्होरोनॉफ. हे जन्माने रशियन, पण त्यांचा व्यवसाय फ्रान्समध्ये होता. १९२० साली त्यांनी वानराच्या वृषणाच्या पातळ चकत्या माणसाच्या वृषणावर शिवण्यास प्रारंभ केला. शेकडो धनिकांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. वानरांचा पुरवठा अखंड राहावा म्हणून इटलीच्या सरहद्दीवर एका गढीत त्यांनी वानरांची पैदास चालवली. परक्या प्राण्याचे मांस मानवी शरीर स्वीकारत नाही, काही दिवसांत ते मरून जाते आणि उरतो तो केवळ व्रण, हे पुढे सिद्ध झाले. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील मिलफर्ड या खेड्यात जॉन ब्रिंकली याने तर वानराऐवजी बोकड पसंत केला. एका शस्त्रक्रियेचे तो ७५० डॉलर घेई, स्वतःच्या रेडिओ केंद्रावरून जाहिरात करी, आणि १९३० साली वैद्यकीय परवाना रद्द झाल्यावर राज्यपालपदाच्या निवडणुकीस उभा राहून त्याने भरघोस मतेही मिळवली. त्याच्या टेबलावर माणसे दगावली होती. अखेर १९३९ साली न्यायालयाने त्याला भोंदू म्हणण्यास मोकळीक दिली आणि १९४२ साली तो कफल्लक अवस्थेत वारला.

हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ म्हणून आपण हसून सोडून देऊ नये. च्यवन ऋषी आणि ययाती आपलेच आहेत. चरकाच्या ग्रंथात रसायनचिकित्सेचा अध्याय आहे आणि कुटीत राहून करावयाच्या कायाकल्पाचा विधी तेथे सांगितला आहे. पंडित मदन मोहन मालवीय यांनी १९३८ च्या आरंभी, वयाच्या ७७ व्या वर्षात, एका तपस्व्याच्या देखरेखीखाली अंधाऱ्या कुटीत राहून, दूध व वनौषधी घेत हा कायाकल्प केला. देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झाली. १९४६ साली त्यांचे देहावसान झाले. मालवीयांसारखा कर्ता पुरुष या वाटेने गेला तो भोगासाठी नव्हे. हाती घेतलेली कामे पुरी व्हावीत म्हणून गेला, हे आम्हांला विसरता येत नाही. वार्धक्यात थोडे अधिक बळ मागणारा प्रत्येक माणूस ययाती नसतो.

दरम्यान रसायनशास्त्रज्ञ गाजावाजा न करता आपले काम करीत होते. १९२९ साली इस्ट्रोजेन कुळातील पहिले स्त्री-संप्रेरक शुद्ध स्वरूपात हाती आले, तेही गरोदर स्त्रियांच्या लघवीतून. १९३५ साली ॲम्स्टरडॅममध्ये बैलांच्या वृषणांच्या प्रचंड राशीतून काही मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन वेगळे करण्यात आले, आणि त्याच वर्षी बुटेनान्ट व रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. दोघांना १९३९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. नाझी सरकारने बुटेनान्ट यांना ते घेऊ दिले नाही. युद्धानंतर, १९४९ साली, मानपत्र व पदक त्यांच्या हाती पडले.

संप्रेरके स्वस्त कशी झाली याची हकिकत आमच्या कोकणपट्टीतील वाचकांना विशेष वाटावी. रसेल मार्कर नावाच्या हट्टी अमेरिकन रसायनज्ञाने मेक्सिकोच्या रानातील एका कंदात असा पदार्थ शोधला की, त्यावर काही रासायनिक प्रक्रिया करून प्रोजेस्टेरॉन बनवता येते. १९४३ साली मेक्सिको शहरातील साध्या प्रयोगशाळेत त्याने ते किलोंनी बनवले. तोवर जगात ते ग्रॅमांनी मोजले जात होते. हा कंद आपल्या कोनफळाच्या, करांद्याच्या आणि कणगरांच्या कुळातला. मात्र येथे सावध राहावयास हवे. ‘रानकंदातील नैसर्गिक संप्रेरक’ म्हणून आज मलमे आणि गोळ्या विकल्या जातात, त्यांत तथ्य नाही. ते रूपांतर प्रयोगशाळेतील भांड्यात होते, माणसाच्या पोटात होत नाही. कोनफळाची भाजी खावी ती चवीसाठी.

१९४२ साली अमेरिकेत ‘प्रेमारिन’ नावाची गोळी बाजारात आली. ती गाभण घोड्यांच्या मुतापासून बनत असे आणि तिच्या नावातच इंग्रजीत हे सारे दडलेले आहे. रजोनिवृत्तीच्या काळात स्त्रियांना होणारा त्रास, म्हणजे अचानक उसळणारी उष्णता, रात्रीचा घाम, झोपमोड, या गोळीने खरोखरच कमी होई. तेथवर सारे ठीक होते. परंतु १९६६ साली न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी एक पुस्तक लिहिले. ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे त्याचे नाव, आणि ते अतोनात खपले. रजोनिवृत्ती ही जीवनातील अवस्था नसून संप्रेरकाच्या अभावाचा रोग आहे, मधुमेह्याला जसे इन्सुलिन तसे प्रत्येक स्त्रीला इस्ट्रोजेन, आणि तेही जन्मभर, असा त्यांचा दावा होता. त्यांच्या संस्थेला औषध कंपन्यांकडून पैसा मिळत होता, हे नंतर बाहेर आले. पुस्तकाची भाषा तर अशी की, पन्नाशी उलटलेली स्त्री म्हणजे जणू मोडके घर. कुटुंबाचा सारा भार पेलणाऱ्या आपल्या आज्या आणि मावश्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ती वाचवणार नाही.

पॅरिसची चूक येथे मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडली. वयाला रोगाचे नाव मिळाले, आणि रोग म्हटला की औषध आलेच. १९७५ च्या डिसेंबरात दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले : नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी अधिक होतो. खप कोसळला. मग इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखे औषध दिले की अस्तराचे रक्षण होते, हे कळले आणि खप पुन्हा चढला. १९८० नंतर तर असे दिसू लागले की, संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकारही कमी. अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या पाहणीतून हे पुढे आले होते. मग डॉक्टर निरोगी स्त्रियांनाही हृदयाच्या रक्षणासाठी गोळ्या लिहून देऊ लागले.

या पाहण्यांत गफलत कोठे होती, हे धर्मग्रामातील उदाहरणाने सांगता येईल. रोज पहाटेच्या मिस्साला पायी येणारी ऐंशी वर्षांची माणसे बहुधा ठणठणीत असतात. म्हणून पहाटेच्या मिस्सामुळे गुडघे बरे होतात, असा निष्कर्ष कोणी काढला तर आम्हांला आनंदच वाटेल. पण खरी गोष्ट अशी की, ज्यांचे गुडघे धड आहेत तेच पहाटे येऊ शकतात, बाकीची घरी खाटेवर असतात. संप्रेरके घेणाऱ्या स्त्रिया बहुतांशी सुशिक्षित, सुस्थितीतील, नियमित तपासणी करून घेणाऱ्या होत्या. त्यांची हृदये मुळातच अधिक सुरक्षित होती.

खरा निवाडा करावयाचा तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. निम्म्या स्त्रियांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी निःसत्त्व गोळी, आणि कोणाला काय मिळाले ते कोणालाच ठाऊक नाही. अमेरिकेच्या सरकारने १९९० च्या दशकात असा प्रचंड प्रयोग हाती घेतला. ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रियांना दोन्ही संप्रेरकांची गोळी किंवा निःसत्त्व गोळी देण्यात आली. साडेआठ वर्षे चालावयाचा हा प्रयोग जुलै २००२ मध्ये, सुमारे पाच वर्षांनंतर, मध्येच थांबवावा लागला. १०,००० स्त्रियांनी एक वर्ष ही गोळी घेतली तर स्तनाचा कर्करोग ३० ऐवजी ३८ जणींना होतो, हृदयविकाराचा झटका ३० ऐवजी ३७ जणींना, पक्षाघात २१ ऐवजी २९ जणींना, फुप्फुसात रक्ताची गाठ ८ ऐवजी १६ जणींना. उलट नितंबाचे हाड मोडण्याचे प्रसंग १५ वरून १० वर येतात, आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग १६ वरून १० वर. एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. पुढच्याच वर्षी दिसले की, ६५ च्या पुढील स्त्रियांत या जोडगोळीने स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीने वाढतो. स्मरणशक्ती टिकावी म्हणून ती घेणाऱ्यांची तर ही क्रूर थट्टाच होती.

हे आकडे ऐकून जगभर घबराट उडाली आणि डॉक्टरांनी सरसकट सर्वांच्या गोळ्या बंद केल्या. हेही योग्य झाले नाही, असे आम्हांला वाटते. आकडे पुन्हा पाहा. दहा हजारांत आठ हा धोका खरा आहे, पण लहान आहे. शिवाय प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. रजोनिवृत्तीचा त्रास होतो तो पन्नाशीच्या आसपास. पुढील छाननीत आढळले की, पाळी थांबून दहा वर्षे झालेली नाहीत अशा स्त्रियांत हृदयाचा धोका वाढलेला दिसत नाही. ज्यांचे गर्भाशय काढलेले होते आणि ज्यांना नुसते इस्ट्रोजेन दिले गेले, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. पक्षाघाताचा धोका मात्र तेथेही होता. आज वैद्यकीय संस्थांचे सर्वसाधारण मत असे की, साठीच्या आत, तीव्र त्रास असेल आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी यांसारखी आडकाठी नसेल तर संप्रेरके द्यावीत. केवळ हृदय, बुद्धी वा तारुण्य टिकवण्यासाठी देऊ नयेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील ठळक चौकटीतले बहुतेक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवरील गर्भाशय-कर्करोगाचा इशारा मात्र कायम ठेवला. लंबक पुन्हा दुसऱ्या बाजूस निघाला आहे. तो विल्सन यांच्या पुस्तकापर्यंत जाऊ नये, एवढी आमची इच्छा.

वाढीच्या संप्रेरकाची कथा अधिक विषादाची. ज्या बालकांच्या मेंदूतील पियुषिका ग्रंथी ते निर्माण करीत नाही, त्यांची उंची खुंटते. अशा बालकांसाठी पूर्वी ते मृत माणसांच्या ग्रंथींतून काढीत. १९८५ साली उघड झाले की, त्यातून काही मुलांना मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग जडला आहे. ते औषध अमेरिकेत तत्काळ बंद झाले आणि त्याच वर्षी जीवाणूंकडून बनवून घेतलेले निर्धोक संप्रेरक आले. आता पुरवठ्याला मर्यादा उरली नाही. जुलै १९९० मध्ये डॅनियल रुडमन यांनी ६१ ते ८१ वयाच्या २१ पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतील १२ जणांना सहा महिने हे संप्रेरक दिले, तेव्हा स्नायू इत्यादींचा भार ८.८ टक्क्यांनी वाढला आणि चरबी १४.४ टक्क्यांनी घटली. बारा माणसे! एवढ्या पायावर अमेरिकेत तारुण्यविक्रीच्या दवाखान्यांची एक बाजारपेठ उभी राहिली. पुढील प्रयोगांत दिसले की, मांस वाढते, पण बळ वाढत नाही. सांधे दुखतात, हातपाय सुजतात, मनगटातील नस दबते, रक्तातील साखर चढते. निसर्गाने तर उलटीच साक्ष दिली. ज्या उंदरांत या संप्रेरकाचे कार्य मुळात बंद केलेले होते, त्यांतील एक जवळजवळ पाच वर्षे जगला; सामान्य उंदीर दोन-तीन वर्षे जगतो. इक्वेडोर देशात याच दोषाने खुजी राहिलेली काही कुटुंबे आहेत. त्यांच्यात कर्करोग आणि मधुमेह जवळजवळ नाहीत, असे २०११ साली प्रसिद्ध झाले.

परदेशी असलेली मुले सुट्टीत येताना आईवडिलांसाठी बाटल्या आणतात, आणि त्या बाटल्या पुष्कळदा आजाऱ्यांच्या भेटीत आमच्यापुढे धरल्या जातात. त्यांवर दोन नावे नेहमी आढळतात. एक डी.एच.ई.ए. हे अधिवृक्क ग्रंथींतील संप्रेरक वयाबरोबर कमी होते हे खरे. अमेरिकेत १९८५ साली त्याच्या खुल्या विक्रीला बंदी झाली होती. १९९४ च्या कायद्याने ते ‘आहारपूरक’ म्हणून दुकानात परत आले. विज्ञान बदलले नव्हते, कायदा बदलला. २००६ साली वृद्धांवरील दोन वर्षांच्या प्रयोगात त्याने ना बळ वाढले, ना जीवनात गोडी वाढली. दुसरे मेलाटोनिन. दूरच्या विमानप्रवासानंतर झोपेची घडी बसवण्यास त्याचा थोडा उपयोग होतो; आयुष्य वाढवण्याच्या गोष्टी उंदरांपुरत्या राहिल्या. २०२३ साली अमेरिकेत मेलाटोनिनच्या चघळावयाच्या २५ उत्पादनांची तपासणी झाली. वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणाच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत माल त्यांत निघाला. मुलांच्या प्रेमाविषयी आम्हांला शंका नाही. बाटली डॉक्टरांना दाखवल्यावाचून उघडू नये, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर, एवढेच आमचे सांगणे असते.

पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन तिशीनंतर हळूहळू घटते. स्त्रियांप्रमाणे एकाएकी थांबत नाही. वृषणांना किंवा पियुषिकेला रोग असेल तर ते देणे हा योग्य उपचार आहे. पण केवळ थकव्यासाठी? ६५ च्या पुढील, संप्रेरक कमी असलेल्या ७९० पुरुषांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ आणि २०१७ साली आले : कामेच्छा थोडी वाढली, मन किंचित प्रसन्न झाले, पांडुरोग सुधारला, हाडांची घनता वाढली, उत्साहात म्हणावा तसा फरक पडला नाही, स्मरणशक्तीत मुळीच नाही. पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील दुसऱ्या प्रयोगाने २०२३ साली हृदयविकाराच्या झटक्याची भीती बरीच दूर केली. परंतु हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसातील गाठी काहीशा वाढल्या. पुढच्या वर्षी तर असे दिसले की, घनता वाढूनही या पुरुषांची हाडे कमी नव्हे, अधिक मोडली.

हा इतिहास वाचताना आमचे लक्ष पुन्हा पुन्हा आपल्याच राज्यातील एका जिल्ह्याकडे जाते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची वार्ता गाजली. शासनाने नेमलेल्या समितीने सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत तोड बुडाली की मुकादमाचा दंड बसतो, अंगावर उचल असते, दवाखान्यात कर्करोगाची भीती घातली जाते, आणि तिशीतली बाई शस्त्रक्रियेला तयार होते. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले गेले असतील तर तिला एका दिवसात रजोनिवृत्ती येते. एरवी आपल्याकडील स्त्रीला ती सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास येते. मधली दहा-पंधरा वर्षे तिची हाडे झिजतात, हृदयाचा धोका वाढतो, आणि तिच्याकडून उसाची मोळी मात्र पूर्वीसारखीच उचलण्याची अपेक्षा असते.

न्यूकॅसलच्या त्या बाईशी हिचे नाते आहे. हिची उणीव खरी आहे. अशा स्त्रीला, आडकाठी नसल्यास, निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे, यावर तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही. २००२ च्या प्रयोगातील धोक्याचे आकडे हिला लागू पडत नाहीत, कारण त्या स्त्रियांना वयाने जे गेले ते दिले जात होते आणि हिचे अवेळी काढून घेतलेले आहे. आपल्या धर्मग्रामांतही लहान वयात शस्त्रक्रिया झालेल्या भगिनी आहेत. पाठ दुखते, अंगातून वाफा येतात, झोप लागत नाही, हे त्या वयाच्या आधीच वय झाले म्हणून सोसत असतात. त्यांनी सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा अवश्य भेटावे, आणि जाताना शस्त्रक्रियेचे जुने कागद बरोबर न्यावेत. अंडाशय ठेवले होते की काढले होते, हे त्या कागदांवरूनच कळते.